दांडा कापला, मग नियम आठवला

काका, नमस्कार.

मी भांडुपला राहतो. आमचा १४ जणांचा सायकलवेड्यांचा ग्रुप आहे. गणपती झाले की दिवाळीपर्यंत प्रत्येकाने एक जुनी सायकल घेऊन तिच्यातून आपल्या मनासारखी सायकल उभी करायची, अशी स्पर्धा यंदा ठेवली आहे. खर्च ८ हजारांच्या आत. फ्रेम निदान २० वर्षं जुनी. आणि तिसरा नियम असा : ‘फ्रेम मूळची ठेवायची, तिच्यात बदल चालणार नाही.’ शेवटच्या रविवारी पहाटे सगळ्यांनी भांडुपहून मरीन ड्राइव्हला चालवत जायचं, तिथे निकाल.

मी आजोबांची सायकल घेतली. २४ इंची फ्रेमची, डबल दांड्याची. गिरणीच्या संपानंतर ते हिच्यावरून पाव-अंडी विकायचे. पेडलच्या बाजूला मागच्या खालच्या नळीला चीर होती, तिथे पितळ वेल्डिंग करून घेतलं. तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मधला भाग, बसवायला फ्रेमचे मागचे पाय (ज्यांच्यात मागचं चाक बसतं) थोडे फाकवले, ११० मिलिमीटरचे ११७ केले. दोन दांड्यांनी ती फार बोजड दिसायची, म्हणून खालचा दांडा कापून काढला. मग वरून पावडर कोटिंग केलं, आता जोड कुठेच दिसत नाही.

फोटो टाकल्यावर भांडण पेटलं. ज्या दादांनी नियम लिहिला ते म्हणतात, ही सायकल बाद. पण एकाने पुढचा चिमटा (फोर्क) काढून सस्पेन्शनवाला टाकलाय, दुसऱ्याने फ्रेमवरचे मडगार्ड अडकवायचे कान घासून टाकलेत, त्यांना कोणी काही बोलत नाही. तिसरा तर ॲल्युमिनियमची जुनी माउंटन बाइक कापून, वेल्डिंग मारून लांब करणार म्हणतोय. ‘बदल’ म्हणजे काय, हे नियमात कुठे लिहिलंय? भांडू की माघार घेऊ?

— डबल दांडा, भांडुप

*

डबल दांडा,

सही छान केलीस. सायकलीला आता एकच उरलाय, तेवढं सोडून.

तुझं अर्धं म्हणणं मला पटलं, ते आधी सांगून टाकतो. नियम ढिसाळ आहे. सोसायटीच्या फळ्यावर ‘जिन्यात गैरवर्तन करू नये’ असं लिहितात ना, त्यातला प्रकार. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरं, आणि वाद झाला की दोघं त्याच ओळीवर बोट ठेवून उलटसुलट बोलतात. ‘बदल’ या एका शब्दात तुमच्या दादांनी करवत, कानस, गॅसची ज्योत आणि साधा पाना, सगळं एका पोत्यात भरलंय.

पण शब्द ढिसाळ असला तरी तो कडेला ढिसाळ असतो, मध्यभागी नाही. मडगार्डचा कान घासला तर बदल झाला की नाही, यावर चहा संपेपर्यंत वाद घालता येईल. अख्खा दांडा करवतीने उतरवला, तो बदल झाला की नाही, यावर काय वाद घालणार? तूसुद्धा मनातून घालत नाहीस. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं : ‘आता जोड कुठेच दिसत नाही.’ चिरेबद्दल लिहिताना, हबबद्दल लिहिताना तू सरळ सांगितलंस. दांडा कापल्याचं सांगितलंस आणि लगेच कोटिंगकडे वळलास.

असो. नियमाकडे येऊ, कारण तुझा प्रश्न फक्त तुझ्यापुरता नाही.

फ्रेमचा नियम कशासाठी केलाय, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. जपानमधल्या केइरिन शर्यतींचं बघ. १९४८ पासून चालू आहेत, त्यांवर रीतसर पैजेचे पैसे लावले जातात. म्हणून तिथे फ्रेम पोलादाची, मान्यता असलेल्या कारागिराने बनवलेली आणि सुटे भागही शिक्का मारलेलेच लागतात. कुणाची सायकल कुणापेक्षा हुशार असता कामा नये, पैसे लावणाऱ्याने पायांवर लावावेत, एवढाच हेतू. तिथे तुझा दांडाच काय, मडगार्डचा कानही चालला नसता. तुमच्या स्पर्धेत पैज नाही, वेळ मोजायची नाही. मग दादांनी तो नियम का घातला असेल? मला दोन कारणं दिसतात. एक, ज्याच्या ओळखीत वेल्डर आहे तो आणि ज्याच्या नाही तो, या दोघांना सारखी संधी मिळावी. दुसरं, जुनी सायकल जुनी म्हणून ओळखू यावी. वरळीला हिंद सायकल मार्ग अजून आहे. हिंद सायकलचा कारखाना मात्र उरला नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये थांबला. त्या सायकलींतलं जे काही उरलंय ते फ्रेममध्ये उरलंय, कारण टायर-ट्यूबपासून सीटपर्यंत बाकी सगळं दहादा बदलून झालेलं असतं. दादांना विचार, मी म्हणतो तेच कारण निघेल.

या हेतूने बघितलं तर मी एक साधी कसोटी लावतो. पान्याने जे निघतं आणि परत बसतं ते फ्रेम नव्हे. ज्याला करवत, कानस किंवा ज्योत लागते ते फ्रेम. याला पोटनियम एकच : मोडलेलं सांधणं ही दुरुस्ती, तिला बदल म्हणायचं नाही.

आता तुझी तीन कामं यात घालून बघ. चीर सांधलीस, ती दुरुस्ती. दादा त्यावरून बाद करत असतील तर ते चुकतात आणि तू खुशाल भांड. मागचे पाय ७ मिलिमीटर फाकवलेस, त्याला ना करवत लागली ना ज्योत. पोलाद थंड असतानाच वाकतं आणि उद्या पुन्हा ११० वर आणता येतं. दोन्ही बाजू सारख्या फाकल्या आहेत ना, एवढं मात्र दोरा लावून तपास. हेडपासून, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं तिथून, मागच्या दोन्ही टोकांना दोरा ओढ आणि सीटच्या नळीपासून डावीकडे-उजवीकडे किती अंतर राहतं ते मोज. बहुतेक वेळा एकच पाय जास्त वाकलेला निघतो, मग चाक तिरकं बसतं आणि आपण रिमचा आउट काढत बसतो. दांडा कापलास, तो बदल. त्यात दुसरं मत नाही.

चिमटावाला सुटला, कारण चिमटा पान्याने निघतो. तुला हे झोंबेल, पण नियमाने तो बरोबर आहे. सायकल म्हणून बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न. सस्पेन्शनचा चिमटा मूळच्यापेक्षा लांब असतो. पुढून २० मिलिमीटर उंची वाढली की हेडचा कोन साधारण एक अंशाने मागे कलतो. ४० वाढली तर दोन. हँडल सुस्त वाटायला लागतं, पेडल उंचावर जातं, गर्दीत पाय टेकायला त्रास होतो. त्याला म्हणावं, एलबीएस मार्गावर एक फेरी मारून मग फुशारकी मार. कान घासणारा मात्र माझ्या कसोटीने तुझ्याच बाकावर बसतो. त्याचा गुन्हा छोटा आहे एवढंच, आणि छोट्या गुन्ह्याला एखाद-दोन गुण कापणं पुरे. हे तू सांगू नकोस. तू सांगितलंस तर ते सुडासारखं दिसेल.

ॲल्युमिनियमवाल्याबद्दल थोडक्यात सांगतो, इथे मला गंमत सुचत नाही. त्याला थांबव. नियम असो वा नसो. त्या फ्रेम बहुतेक ६०६१ मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते. वेल्डिंगच्या आजूबाजूला तो संस्कार उतरतो आणि धातूची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम भट्टीत ५०० अंशांच्या वर तापवून, पाण्यात विझवून, मग कमी आचेवर तासन्‌तास ठेवावी लागते. कारखाने हे करतात. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला करत नाही, त्याच्याकडे ती भट्टीच नसते. जोड दिसायला सुंदर येईल आणि एखाद्या खड्ड्यात हेडजवळून सुटेल. पोलाद मोडण्याआधी वाकतं, कुरकुरतं, सूचना देतं; ॲल्युमिनियमकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

आता तुझ्या चिरेकडे येतो, कारण मला काळजी तिचीच आहे. तुझ्या भांडणात सगळे दांड्याकडे बघतायत आणि चिरेबद्दल कोणीच विचारत नाही.

पितळ वेल्डिंग हे नाव फसवं आहे. त्यात पोलाद वितळत नाही. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास जावं लागतं, पितळेची काडी ९०० च्या जवळपास वाहायला लागते. म्हणजे पितळ दोन नळ्यांच्या मधल्या फटीत शिरतं आणि धरून ठेवतं. जुन्या सायकलींच्या लगमध्ये, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या टोपणात, हे उत्तम चालतं, कारण तिथे नळी लगच्या आत खोल बसलेली असते आणि पितळेला धरायला भरपूर जागा मिळते. चिरेत मात्र पितळ पट्टी मारल्यासारखं बसतं. चिरेचं टोक आत तसंच राहिलं तर ती पितळेच्या कडेने पुढे सरकते. म्हणून आधी टोकाला बारीक भोक पाडतात, चीर तिथे थांबते, मग खोबण करून भरतात आणि वरून पोलादी पट्टी चढवतात. तुझ्या माणसाने यातलं काय केलं? तू लिहिलं नाहीस, म्हणजे तू उभा राहून बघितलं नसावंस. काम टाकून चहाला गेला असशील. सगळे जातात. मीही गेलोय, आणि त्याची फळंही भोगलीत : एकदा एका हातगाडीचा आस माझ्याच वर्कशॉपमधून असाच वरवर सांधून बाहेर पडला आणि तिसऱ्या दिवशी परत आला, दोन तुकड्यांत.

ती नळी कुठे आहे बघ. पेडलजवळ, चेनच्या बाजूला. पाय दाबलास की सगळा ताण तिथून जातो. नव्या फ्रेमची चाचणी घेतात तेव्हा पेडलांवर १ लाख वेळा जोर देऊन बघतात, आणि चीर दिसली की फ्रेम नापास. तू किती वेळा दाबणार? पुढे ४४ दाते, मागे १८ आणि २८ इंची चाक धरलं, तर मधल्या गिअरवर पेडलाच्या एका फेरीत साडेपाच मीटरच्या थोडं आत जाशील. भांडुप ते मरीन ड्राइव्ह तीसेक किलोमीटर. म्हणजे साडेपाच हजार फेऱ्या आणि अकरा हजार वेळा दाब, तोही मागून बेस्टची बस येत असताना.

म्हणून हे कर. त्या जोडाच्या आजूबाजूला दोन-दोन इंच कोटिंग काढ, पोलाद उघडं पडेपर्यंत. पेट्रोलने स्वच्छ पूस. मग रॉकेल लावून अर्धा तास सोड. कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून टाक आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून वरून पातळ थर दे. चीर जिवंत असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्यावर एक काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जुने लोक हेच करायचे. आता यासाठी लाल रंगाचे आणि पांढऱ्या पावडरचे फवारे मिळतात, नागदेवी स्ट्रीटला विचार. रेघ उमटली तर ती नळी नवीन टाकून घे. ते पितळ पुन्हा तापवून भागणार नाही.

दांडा कापला तिथेही बघ. करवतीने कापला असेल तर ठीक. गॅसने उडवला असेल आणि उरलेला खुंट घासताना हेडच्या नळीत कानस उतरली असेल, तर तिथली भिंत पातळ झालीय. बोटाने वाजवून कळणार नाही, कॅलिपर लाव. बाकी एका दांड्याची सायकल चालते, जगभर चालते. मोडेल म्हणून दांडा ठेव असं मी म्हणत नाही.

आता भांडू की माघार घेऊ? दोन्ही नको.

१९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ऑब्रीने नॉर्वेतल्या हामार गावी तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून विक्रम केला. सायकल त्याने स्वतः बनवली होती, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग होते आणि गुडघे आपटू नयेत म्हणून वरचा दांडाच नव्हता. (दांडा काढणारा तू पहिला नाहीस, हे वाचून खूश होशील.) हात छातीखाली दुमडून तो बसायचा. १९९४ मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बसण्याची पद्धत बंद केली आणि इटलीतल्या पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत त्याला हे शर्यतीच्या जेमतेम तासभर आधी कळवलं. तो तसाच बसून उतरला आणि बाद झाला. त्याआधी १९३३ मध्ये फ्रान्सचा फ्रान्सिस फॉर आडवं पडून चालवायच्या सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर गेला, तर पुढच्या वर्षी संघटनेने ठरवलं की ती सायकलच नव्हे. खेळ चालू असताना नियम शिवायला घेतला की काय होतं, ते या दोघांना विचारावं. म्हणून दादांवर आत्ता व्याख्या बदलायचा दबाव आणू नकोस, आणि त्यांनीही चिमटेवाल्यासाठी आत्ता नवं कलम काढू नये.

पण त्याच संघटनेने २००० मध्ये एक गोष्ट मला पटेल अशी केली. नवनव्या सायकलींवरचे विक्रम वेगळ्या यादीत टाकले आणि १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने साध्या सायकलीवर केलेला तासाभराचा ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम पुन्हा मुख्य धरला. इंग्लंडचा ख्रिस बोर्डमन आधी ५६.३७५ किलोमीटर गेलेला माणूस. तोही त्या वर्षी साध्या सायकलीवर बसला आणि मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर पुढे गेला. दोन याद्या पुढे २०१४ मध्ये एक केल्या ते सोड. तुमच्या १४ जणांना दोन गट सहज परवडतील : मूळ फ्रेम आणि खुला.

तेव्हा दादांना फोन कर. मेसेज नको, ग्रुपवर तर मुळीच नको. भेटता आलं तर आणखी चांगलं. सांग की दांडा मी कापला, तो नियमात बसत नाही, मी मुख्य बक्षिसातून बाहेर. चीर आणि हबबद्दल मात्र माझं म्हणणं ऐकून घ्या, कारण पुढच्या वर्षी कुणाची तरी चीर निघणारच. खुला गट केलात तर मी त्यात उभा राहतो. एकटा असलो तरी चालेल. कोटिंगचंही सांग, त्यांनी शोधून काढायच्या आधी. तसंही चीर तपासायला तुला ते खरवडायचंच आहे. खरवडलेली जागा परत रंगवू नकोस, पारदर्शक लॅकर मार. पितळेचा पिवळा डाग दिसू दे. परीक्षकांना सायकल कळत असेल तर ते तिथेच वाकून बघतील.

एक विचारायचं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर लालबाग-परळमध्ये किती घरांनी असल्या सायकली धरल्या ते मी बघितलंय. डबल दांड्याची सायकल लोक ओझ्यासाठीच घ्यायचे. पावाची टोपली मागे, अंड्यांचे ट्रे पुढे, आणि दांड्याला लटकवलेली पिशवी. तो तुकडा भंगारात दिलास की माळ्यावर आहे? असेल तर नीट ठेव. उद्या तो परत बसवावासा वाटला, तर ती दुरुस्ती की बदल, यावर तुमचा ग्रुप अजून एक दिवाळी भांडेल.